काऊच्या कानांनी

वाजतंय: ढेमसं.
आवडतंय: काऊला.

*ढेमसं गेलं बाजारी, ढुम ढुम ढुम,*
*शेपूट लावून आलं घरी, ढुम ढुम ढुम.*

"आता हे परत लागलं ना हिंडोल, तर मी कुमठे फाट्यावर उतरेन," शर्वरी म्हणाली. "तिथून एसटी मिळते."

"पलत!" मागच्या सीटवरून काऊ ओरडली.

हिंडोलने परत लावलं. गाडी आपली आपण तासगावकडे चालली होती, त्यामुळे त्याला दुसरं काही काम नव्हतं.

काऊ म्हणजे कावेरी. वय अडीच. तिच्या शेजारी तिची आजी, विजयमाला मगदूम, मिरजेतल्या गाण्याच्या बाई. निम्म्या मिरजेला त्यांनी सा लावायला शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्याला, तुम्ही दुसरं काहीतरी करा, असं सांगून टाकलं होतं.

"कान नासतात असल्यानं," बाई म्हणाल्या. "सकाळची वेळ आहे. एखादी तोडी लाव."

"तुमचं लावलं की ती रडते, आई," शर्वरी म्हणाली.

"तुझं लावलं की मी रडते."

"पलत!"

"या हिंडोलचं मला कौतुक वाटतं," शर्वरी म्हणाली. "सकाळपासून ऐकतोय. चेहऱ्यावरची माशी हलत नाही. तुला खरंच कंटाळा येत नाही?"

"तिला आवडतं ना," हिंडोल म्हणाला.

हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की ढेमसं आणि तोडी दोन्ही हिंडोलला सारखीच होती. फरक कळत नव्हता असं नाही. तोडीतला कोमल गंधार कुठे लागतो ते तो सांगू शकायचा, ताल मोजायचा, बेसूर गाणारा लगेच ओळखायचा. सर्दी झालेल्या माणसाला समोरची आमटी दिसते, गरम आहे हे कळतं, मिरची किती घातली हेसुद्धा सांगता येतं, तसं. जिभेवर काहीच येत नव्हतं. कधीच आलं नव्हतं.

आणि हे कुणालाही माहीत नव्हतं. कारण दाद द्यायला तो फार लहानपणी शिकला होता. घरातल्या बैठकीत तो भिंतीला टेकून बसायचा आणि माणसं बघायचा. तबलजीची हनुवटी वर गेली की सम जवळ आली. पहिल्या रांगेतल्या गुंडूकाकांची मांडीवरची बोटं थांबली की काहीतरी नाजूक घडलं. तेव्हा डोळे मिटायचे, मान एकदा, हळू. हात उचलायचा नाही, तो फार मोठ्या जागेसाठी राखून ठेवायचा.

बाई सगळ्यांना सांगायच्या: माझा खरा श्रोता एकच. माझा मुलगा.


वाजतंय: नाव नसलेलं.
आवडतंय: शर्वरीला आणि काऊला.

डॉ. तस्नीम मुजावर ही हिंडोलची शाळेतली मैत्रीण. बाईंच्या क्लासला एक पावसाळाभर आली होती. "बाई म्हणाल्या होत्या, तस्नीम, तू डॉक्टर हो," ती सांगायची. "मी झाले. त्यांना वाटलं नव्हतं मी मेंदूची होईन आणि परत गाण्याकडेच येईन." मिरजेच्या मेंदू-संशोधन केंद्रात तिने एक यंत्र केलं होतं. त्याचं नाव सांगड. ढेमशाला कंटाळून शर्वरी सगळ्यांना तिथे घेऊन गेली.

सांगड म्हणजे एक लहान मुलाचं टोपडं, मोठ्या माणसासाठी कपाळाला लावायचा एक पट्टा आणि एक स्पीकर. टोपडं खणाचं होतं. शर्वरीला आधी तेच आवडलं.

त्यामागचं शास्त्र तस्नीमने त्यांना दारातच, चपला काढता काढता सांगितलं. गाणं ऐकताना मेंदू नुसता ऐकत नाही, पुढे काय येणार याचा सतत अंदाज बांधतो. अंदाज प्रत्येक वेळी बरोबर आला तर कंटाळा येतो. प्रत्येक वेळी चुकला तर तो गोंगाट. मधे एक पट्टी आहे, जिथे अंदाज जेमतेम बरोबर येतो किंवा जेमतेम चुकतो, आणि तिथे मेंदू स्वतःला बक्षीस देतो. त्या बक्षिसालाच आपण 'आवडलं' म्हणतो.

"काऊसाठी ढेमसं अजून जुनं झालेलं नाही," तस्नीम म्हणाली. "तिचा अंदाज आत्ता कुठे बसतोय. तिसरा ढुम येणार, येणार, आला! तिला तो दर वेळी जिंकल्यासारखा वाटतो. शर्वरी, तुझा अंदाज पहिल्या दिवशीच बसला. म्हणून तुला तो डोक्यात खिळा ठोकल्यासारखा वाटतो. तुम्हा दोघींची पट्टी वेगळी आहे. आईबापांनी मुलांची गाणी सोसायची किंवा मुलांनी आईबापांची, एवढंच आजवर होत आलं. सांगड दोघींच्या डोक्यात मंद प्रकाश सोडून दोन्ही बक्षिसं बघते, आणि वाजवता वाजवता गाणं बदलत राहते. दोन्ही रेषा एकदम वर जाईपर्यंत."

शर्वरी आणि काऊ सतरंजीवर बसल्या. आधी ढुम ढुम ढुम आलं. शर्वरीने कपाळाला हात लावला. मग त्याच्या खालून काहीतरी लांब, सावकाश सुरू झालं, आणि त्याच्यामुळे ढुम दर वेळी वेगळ्या जागी पडायला लागला. काऊला तो हवा तसा मिळत होता. शर्वरीला तो कुठे पडेल ते कळत नव्हतं. थोड्या वेळाने ती तिसऱ्या ढुमची वाट बघत होती. तिने स्वतःला वाट बघताना पकडलं.

"अगं, हे ढेमसंच आहे की!" ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. काऊ उठून नाचायला लागली. आई रडते आहे म्हणून थांबावं असं तिला वाटलं नाही, इतकं ते रडणं चांगलं होतं.

बाई बसल्या. त्यांचं आणि काऊचं काहीतरी जमून आलं, त्यात जात्याच्या घरघरीसारखा एक आवाज होता. संपल्यावर बाईंनी नाव ठेवलं नाही, हेच पुष्कळ झालं.

मग हिंडोल.


वाजतंय: सगळं.
आवडतंय: काऊला.

काऊची रेषा वर.
हिंडोलची सपाट.

यंत्राने लय बदलली. सपाट. स्वर कमी केले, वाढवले, नुसता ठेका ठेवला, नुसता माणसाचा आवाज ठेवला. डोळे मिटून हिंडोलने मान हलवली, एकदा, हळू. रेषा सपाट.

"वा," तो म्हणाला.

तस्नीमने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मग शर्वरीला आणि बाईंना म्हणाली, "यंत्राचा काहीतरी घोळ आहे. तुम्ही काऊला घेऊन जरा बाहेर उसाचा रस प्या."

त्या गेल्यावर तिने दार लावलं.

"हिंद्या, खरं सांग."

"काय?"

"तुझी कानाची वाट ठणठणीत आहे. बक्षिसाची जागा पण ठणठणीत आहे. मघाशी काऊने तुझं नाक ओढलं तेव्हा रेषा छताला लागली होती. पण एकीतून दुसरीत जाणारा रस्ताच नाही. शंभरात दोन-चार माणसं असतात अशी. बाईंच्या घरात एक निघेल असं मला वाटलं नव्हतं. तू आयुष्यभर 'वा' कशाच्या जोरावर म्हणतोयस?"

हिंडोलने गुंडूकाकांच्या बोटांचं सांगितलं. तस्नीम इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मग तिचं हसू थांबलं.

"बाईंना सांगू नकोस," तो म्हणाला.

"मी कशाला सांगू? पण हे बघ की."

पडद्यावर मघाची नोंद पुन्हा चालू होती. काऊची रेषा चढते, उतरते, चढते. हिंडोलची सपाट. सपाट. मग एक बारीक उंचवटा. मग आणखी एक. ते गाण्याच्या कुठल्याच जागेशी जुळत नव्हते. ते काऊच्या चढांशी जुळत होते, किंचित मागून.

"तुला गाणं आवडत नव्हतं," तस्नीम हळू म्हणाली. "तुला तिचं वाट बघणं आवडत होतं."

तिने पट्ट्यात एक भर घातली. काऊची रेषा चढेल तसा तो हिंडोलच्या कानामागे हलकेच दाबला जाईल. "पाटाचं पाणी तुझ्या रानात येत नाही ना," ती म्हणाली, "तर शेजारच्या रानातून चारी काढून बघू."


वाजतंय:

काऊ परत आली. ओठांना रसाचा फेस. टोपडं चढवलं. ती हिंडोलच्या समोर मांडी घालून बसली, बाईंच्या विद्यार्थिनी बसतात तशी.

एक आवाज वर चढायला लागला. काऊ हलायची थांबली. श्वास धरला. कानामागचा पट्टा दाबत गेला. काहीतरी येणार होतं. काय येणार ते हिंडोलला माहीत होतं, वरचा सा. ते त्याला नेहमीच माहीत असायचं. पण येणार असणं म्हणजे काय, ते माहीत नव्हतं.

सा आला नाही.

काऊचे डोळे मोठे झाले.

सा आला नाही, त्याच्या शेजारचा नी आला, आणि तिथेच लोंबकळत राहिला, आणि

आणि

आणि

आला.

अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा, पायरी नसावी, आणि पडण्याऐवजी माणूस वर जावा, तसं झालं. हिंडोलने दोन्ही हातांनी सतरंजी धरली. काऊ खिदळली. पडद्यावर दोन रेषा एकमेकींना चिकटून उभ्या होत्या.

सतरंजी सोडून तो तस्नीमला म्हणाला, "हे तुम्हाला होतं?"

"हो."

"रोज?"

"रोज नाही. पण होतं."

"सगळ्यांना?"

"बहुतेकांना."

"आणि तरी तुम्ही भाजी आणायला जाता? ऑफिसात जाता? पार्किंगवरून भांडता?" त्याचा आवाज चढला. "हे असताना?"

तस्नीमने त्याच्या कपाळाचा पट्टा सोडवला.


सांगड घरी नेताना

टोपडं सैल नसावं. मूल झोपाळलेलं किंवा भुकेलं असताना वापरू नये. यंत्राला 'हे वाजव', 'ते वाजव' असं सांगता येत नाही. त्याला चांगलं गाणं, वाईट गाणं असं काही माहीत नाही. ते एवढंच बघतं, की दोन रेषा एकत्र किती वर गेल्या, आणि पुढच्या वेळी आणखी वर कशा जातील.


वाजतंय: बाई.
आवडतंय: बघू.

हिंडोल बेदाण्याच्या शीतगृहात काम करायचा. हंगामात तिथे पेट्यांच्या भिंती उभ्या राहतात आणि माणसाला मान वर करायची फुरसत नसते. तरी तो आता उजेड असतानाच घरी यायला लागला. हात धुवायचा, चहा बाजूला ठेवायचा, काऊला टोपडं घालायचा. रोज. शर्वरी म्हणायची, "माझ्या वेळेला तर इतक्या लवकर कधी आला नाहीस." पण तीही खूष होती. नवरा जेवताना एकाएकी घास हातात धरून थांबायचा आणि म्हणायचा, "काल तो आवाज खाली आला ना, तो आधीच येऊ शकला असता. पण आला नाही." हे सांगताना त्याचा चेहरा असा असायचा, जसा नदी बघून आलेल्या वाळवंटातल्या माणसाचा असेल.

एका रविवारी संध्याकाळी बाई तंबोरा घेऊन बसल्या. घरचीच माणसं. काऊ शर्वरीच्या मांडीवर, टोपडं घालून. त्या दिवशी स्पीकर बंद होता. वाजवायला बाई होत्या. यंत्र फक्त काऊला ऐकत होतं आणि हिंडोलच्या कानामागे सांगत होतं.

बाईंनी पूरिया सुरू केला.

हिंडोलने हा आवाज जन्मापासून ऐकला होता. त्याला तो पाण्याच्या फिल्टरच्या गुणगुणीसारखा, फरशीसारखा माहीत होता. आता तो एकेक स्वर वर चालला होता, आणि काऊ त्याच्याबरोबर चालली होती, बोट धरून, आणि काऊचं बोट धरून हिंडोल. आईच्या गळ्यात इतकी मोठी जागा आहे? तिथे कोपरे होते. एका कोपऱ्यावर ती वळणार असं काऊला वाटलं आणि ती वळली नाही, पुढे गेली, आणि पुढे रस्ता होता. हे सगळं या घरात रोज होत होतं. तो शेजारच्या खोलीत गृहपाठ करत असताना होत होतं.

बाई समेवर आल्या आणि सवयीने मुलाकडे पाहिलं.

हिंडोल काऊकडे बघत होता. तोंड उघडं. मान हलली नाही.

बाई परत फिरून आल्या. परत पाहिलं. काही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी तंबोऱ्यावरचं बोट थांबवलं.

"बरं वाटत नाहीये का तुला?"

"अं?"

"आज तुझं लक्ष नाही. समेवर आले, तू होतास कुठे?"

"आई," हिंडोल म्हणाला. त्याला थांबता आलं असतं. "आज पहिल्यांदा ऐकलं."

"काय?"

"तुला."

मग त्याने सांगितलं. सगळंच. शर्वरीने मधे एकदा "अरे देवा" म्हटलं. काऊ मांडीवरून उतरून तंबोऱ्याच्या भोपळ्याला टोपडं टेकवून बसली.

बाईंनी एक तार छेडली आणि विरू दिली.

"सांगलीच्या मैफलीत मी तो कोमल रिषभ लांबवला होता," त्या म्हणाल्या. "लोक अजून आठवण काढतात. तू मान हलवलीस म्हणून लांबवला होता."

"गुंडूकाकांची बोटं थांबली होती."

"आणि गुंडू कुणाकडे बघत होता?"

"बहुतेक तबलजीकडे."

"आणि तो मेला घड्याळाकडे." बाई हसल्या. मोठ्यांदा. शर्वरीही हसली. मग बाईंचा हात तारांवर नुसताच राहिला. "मी तुझ्या मानेकडे बघून गायले रे. तुझी मान हलली ते ठेवलं, नाही हलली ते टाकलं. तीस वर्षं. काय काय टाकलं असेल मी."

हिंडोल सरकून तंबोऱ्याजवळ बसला.

"आजचं कसं होतं?" त्यांनी विचारलं.

"आजचं…" त्याने हात उचलला, आणि तो अर्ध्यातच राहिला.

"राहू दे. नको सांगूस," बाई म्हणाल्या. "आता तरी मला न विचारता गाऊ दे." आणि त्या पुन्हा सुरू झाल्या. डोळे मिटून.


वाजतंय: काहीच नाही.
आवडतंय: दोघांनाही. आजवर कुणालाही काही आवडलं नसेल इतकं.

पहिल्यांदा शर्वरीच्या लक्षात आलं. काऊ नाचत नव्हती.

आधी ती गाणं लागलं की गरगर फिरायची, पडायची, कोचावर चढायची. आता ती बसायची. समोर हिंडोल. ती त्याच्याकडे बघायची, तो तिच्याकडे. स्पीकरमधून थोडेसे स्वर यायचे. रोज थोडे कमी.

"हे दोघं काय करतायत ते येऊन बघ," शर्वरीने तस्नीमला फोन केला.

तस्नीम आली तेव्हा स्पीकर लागलेला होता. दिवा जळत होता. त्यातून एक स्वर आला, तंबोऱ्याचा असतो तसा. तो विरला. मग काही नाही. बाप-लेक एकमेकांसमोर मांडी घालून बसले होते. दोघांचे डोळे मोठे, दोघांचा श्वास एकदम वर, एकदम खाली. खिडकीतून ऊन आलं होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि ती सोडून खोलीत काही हलत नव्हतं.

तस्नीमने हातातल्या यंत्राचा पडदा उघडला. दोन्ही रेषा चौकटीच्या वर निघून गेल्या होत्या. एवढ्या उंचीसाठी तिने चौकट आखलीच नव्हती.

"काय झालं?" शर्वरीने कुजबुजत विचारलं.

"दोघांना आवडेल असं संगीत शोध, एवढंच त्याला सांगितलं होतं," तस्नीमही कुजबुजली. "त्याने शोधलं. हिंडोलला तिच्या वाट बघण्यातून आनंद होतो. आणि काऊला कळलं, की स्वर येऊन जो आनंद देतो त्याहून मोठा आनंद बाबाच्या चेहऱ्यावर येतो. ती आता स्वराची वाट बघत नाहीये. त्याच्या चेहऱ्याची बघतेय. तो तिची, ती त्याची. मधल्या गाण्याची गरजच उरली नाही. यंत्राने ते काढून टाकलं." तिने डोळे पुसले. "असं काहीतरी असतं हेच कुणाला माहीत नव्हतं, शर्वरी. हे मी कुणाला दाखवू?"

रस्त्यावरून एक गाडी गेली. कुठल्याशा पोराबाळांची. खिडक्या उघड्या.

*ढेमसं गेलं बाजारी, ढुम ढुम ढुम…*

काऊने मान वळवली नाही.

गाडी कोपऱ्यावर गेली, तिसरा ढुम ऐकू आला, मग नाही. काऊ बाबाकडे बघत होती.

शर्वरी दारातल्या बाईंकडे वळली. बाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. त्या हिंडोलकडे बघत नव्हत्या. नातीच्या मानेकडे बघत होत्या, न वळलेल्या.

"हिंडोल," त्या म्हणाल्या. क्लासमधल्या आवाजात. "तिला एकाच माणसाकडे बघून ऐकायला शिकवू नकोस. मला विचार."

हिंडोलने ऐकलं. वर, त्या उंचीवर, त्याला ते ऐकू आलं. तिथून खाली यायचं म्हणजे काय, हेही त्याला लख्ख कळत होतं. टोपड्याचा बंद तिच्या हनुवटीखाली होता. त्याने हात पुढे केला. काऊ हसली, तिला वाटलं बाबा गाल ओढणार.

त्याने बंद सोडला.

खाली यायला वेळ लागत नाही. फॅनचा आवाज आला. फॅनचाच आवाज, आणखी काही नाही.


वाजतंय: कधी हे, कधी ते.
आवडतंय:

काऊ रडली. टोपडं कपाटावर ठेवलं, तर खुर्ची ओढत नेली. शेवटी तस्नीमच ते घेऊन गेली, पट्ट्यासकट. जाताना दारात म्हणाली, "कधीतरी दुसरी वाट सापडेल रे. मी शोधतेय." हिंडोल म्हणाला, "शोध. पण माझीच शोध. तिच्यातून नको."

पुढचं जास्त कठीण होतं. शर्वरीने काहीही लावलं तरी काऊ धावत येऊन हिंडोलच्या समोर उभी राहायची आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघायची. बघत राहायची. तिथे काही नसायचं. डोळे मिटून मान हलवणं त्याला येत होतं, मिरजेत कुणाहूनही चांगलं येत होतं. एकदा मान हलली असती तर ती नाचली असती.

त्याने हलवली नाही.

"मला नाही कळत गं राणी," तो म्हणायचा. "तू ऐक. तुला काय वाटतं?"

ती त्याच्या गालाला बोट लावून बघायची, बिघडलेल्या खेळण्याला लावतात तसं. मग तो उठून तिच्या मागे जाऊन बसायचा, तिला चेहरा दिसू नये म्हणून. ती वळायची. तो पुन्हा मागे. यातच तिला खेळ सापडला, आणि गाणं तसंच वाजत राहायचं, कुणीही न ऐकता.

"बाप आहेस की लपंडाव?" शर्वरी म्हणायची. पण चेष्टा करताना तिची नजर काऊवर असायची. काऊला पुन्हा काही आवडेल की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. तस्नीमसुद्धा.


हंगाम संपल्यावर शीतगृह रिकामं होतं. यंत्रं बंद करतात, दारं उघडी टाकतात, भिंती वाळू देतात. हिंडोलला एका दुपारी तिथे चक्कर टाकायची होती. शर्वरीला सुट्टी होती, म्हणून तिघं गेली.

पेट्या नसलेली ती खोली काऊने कधी पाहिली नव्हती. हिंडोलनेही इतकी रिकामी क्वचितच पाहिली होती. चार मजले उंच, खिडकी नाही, दारातून आत पडलेला उन्हाचा एक पट्टा, आणि त्याच्या पलीकडे अंधार. काऊ त्या पट्ट्यावरून चालत आत गेली. पट्टा संपला तिथे थांबली.

"आई?" ती म्हणाली.

*आई…* खोली म्हणाली.

काऊ वळली. हिंडोलकडे पाहिलं. तो दारात उभा होता, उन्हाकडे पाठ, तिला त्याचा चेहरा काळा दिसत असणार. ती जरा थांबली. मग पुन्हा अंधाराकडे वळली.

"आऽ," तिने टाकून पाहिलं.

*आऽ…*

तो आवाज वर कुठेतरी जाऊन, भिंतींना लागून, जरा उशिरा, जरा मोठा होऊन येत होता. तिने दुसरा टाकला, थोडा वर. तो येईपर्यंत थांबली. आधीचा अजून गेला नव्हता, त्यावर दुसरा येऊन बसला. तिने तिसरा टाकला. मग तिने न थांबता टाकायला सुरुवात केली, येणाऱ्याच्या आधी, येणाऱ्याच्या नंतर, आलेल्याला चुकवून, त्याच्यावर बसून, आणि तिचे पाय हलायला लागले, आणि ती फिरली, आणि फिरताना हिंडोलच्या चेहऱ्यावरून तिचे डोळे गेले आणि थांबले नाहीत. पुढे गेले.

हिंडोलला स्वर ओळखू येत होते. एकेक. पण सगळे मिळून कुठला राग, ते लागत नव्हतं.

"हे कुठलं आहे?" त्याने शर्वरीला विचारलं. "आईने शिकवलेलं?"

"नाही."

"सांगडचं?"

"नाही रे. कुठलंच नाही."

"चांगलं आहे का?"

शर्वरीने दाराची चौकट धरली होती. त्या हाताकडे हिंडोलचं लक्ष गेलं. मनगटापासून कोपरापर्यंत सगळी लव उभी राहिली होती.

गारठ्याने असेल म्हणून त्याने आतल्या भिंतीला तळवा लावून पाहिला. भिंत कोमट होती.